चौऱ्याण्णव पडदे: एका स्वतंत्र दिग्दर्शक-निर्मात्याचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसाने लिहायला हरकत घेतली नाही, फक्त नाव नको म्हणाला. म्हणून त्याचं नाव, चित्रपटाचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. २०१९ ते २०२३ या काळात मी त्याचे हिशेब आणि करार पाहत होतो. पगार नव्हता, उरलेल्या नफ्यात दोन टक्के ठरले होते. त्या दोन टक्क्यांचं काय झालं ते पुढे येईलच. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

पार्श्वभूमी

दिग्दर्शक साताऱ्यातल्या माण तालुक्यातला, वडील प्राथमिक शिक्षक. कॉलेजसाठी पुण्यात आला, दोन वर्षं ‘पुरुषोत्तम’ या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी प्रकाशयोजना केली आणि मग कॅमेऱ्याकडे वळला. पुढची नऊ वर्षं पोट भरलं ते ठिबक सिंचनाच्या, ट्रॅक्टरच्या आणि पतसंस्थांच्या रौप्यमहोत्सवी फिल्मांवर. या कामाला नावं ठेवायची पद्धत आहे. पण दोन दिवसांत बारा लोकेशनं उरकायची आणि चेअरमनसाहेबांना चारदा फ्रेममध्ये आणायचं, हे शिक्षण कुठल्याही संस्थेत मिळत नाही.

२०१८चा पावसाळा कोरडा गेला. २०१९च्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या उभ्या राहिल्या. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, प्रत्येकीच्या कानात बिल्ला आणि गोठ्यासकट तिथंच मुक्कामाला आलेली माणसं. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक संहिता होती: छावणीत राहायला आलेली म्हातारी आणि तिची म्हैस. असा सेट पैशाने उभा राहत नाही. पहिला चांगला पाऊस पडला की छावणी उठणार, म्हणजे जे करायचं ते मे आणि जूनमध्येच. मुंबईतल्या सहा निर्मात्यांना तो भेटला. दोघांनी संहिता वाचली, एकाने म्हशीऐवजी बैल करता येईल का असं विचारलं. निर्माता मिळेना, म्हणून तो स्वतःच निर्माता झाला.

पैसे असे उभे राहिले. स्वतःची साठवण २२ लाख. पुण्यातला फ्लॅट तारण ठेवून एका खासगी सावकाराकडून ३५ लाख, दरमहा दीड टक्क्याने. कॉलेजच्या काळातले पाच मित्र, आता बरे कमावणारे, त्यांचे मिळून ४० लाख. कॅमेरामन, संकलक आणि ध्वनिवाल्यांनी मानधनाचे मिळून १५ लाख मागे ठेवले, ‘आलं की दे’ या बोलीवर. एकूण एक कोटी १२ लाख. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवल्याची गोष्ट प्रत्येक नवा निर्माता या टप्प्यावर सांगतो. यानेही सांगितली. त्या पॉलिसीवर दरमहा दीड टक्का नव्हता, एवढंच मी म्हणालो.

पाच मित्रांबरोबर एक करार झाला, एका पानाचा. त्यात कोणाचे किती, नफ्यात कोणाला किती, एवढंच होतं. चित्रपट कधी, कुठे आणि किती पडद्यांवर लावायचा हे कोण ठरवणार, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ते पान मीच टाइप केलं होतं.

म्हशींचं पत्र

चित्रपटात जनावर असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते. जनावराची नोंद, पशुवैद्यकाचा दाखला, कोणत्या प्रसंगात ते काय करणार याचं वर्णन, सगळं. चित्रीकरणानंतर पुन्हा मंडळाचं ना-हरकत पत्र, आणि ते नसेल तर सेन्सॉरचं गाडं पुढे सरकत नाही. २००१च्या नियमांपासून हे असंच आहे. मंडळाचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे.

अर्ज मेमध्ये गेला होता. दोन म्हशींची नावं, वयं, फोटो, दहिवडीच्या डॉक्टरांचे दाखले. पत्र मात्र येईना, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग दिसायला लागले. छावणीचालक म्हणाला, ‘‘दादा, आठ दिवसांत पाऊस आला तर मी जनावरं सोडणार. तुमच्या पिक्चरसाठी थांबवता यायची नाहीत.’’

इथे पहिला निर्णय. दिग्दर्शक म्हणून त्याला छावणीच्या रांगा, पेंढीवाटप, पाण्याच्या टँकरभोवतीची झुंबड हे सगळं हवंच होतं. निर्माता म्हणून परवानगीशिवाय काढलेली प्रत्येक फ्रेम पुढे डोक्याला ताप होती. त्याने मधला रस्ता काढला. मुख्य दोन म्हशींचे प्रसंग पत्र येईपर्यंत थांबवले आणि तीन दिवस फक्त छावणी टिपली. पाचव्या दिवशी पत्र आलं, सातव्या दिवशी पाऊस.

छावणीतली ती दृश्यं फार सुंदर होती. पण त्यांतली जनावरं अर्जात नव्हती. सेन्सॉरसाठी प्रत तयार करताना आमच्यापुढे प्रश्न होता: ठेवून बघायचं की आधीच काढायचं? आम्ही काढली. चार मिनिटं दहा सेकंद गेली, जनावर ओळखू येणार नाही एवढ्या दुरून घेतलेले दोनच शॉट राहिले. सेन्सॉरने ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, एकही कट न सांगता. तो आजही म्हणतो की चित्रपटाचा श्वास त्या चार मिनिटांत होता. असेलही. पण अर्ज मेमध्ये नाही तर फेब्रुवारीत जायला हवा होता, आणि तेव्हा या छावणीचा पत्ताही नव्हता. काही चुका टाळायला भविष्य कळावं लागतं, ही त्यातलीच एक.

थांबायचं की लावायचं

नोव्हेंबर २०१९मध्ये कच्चं संकलन घेऊन आम्ही गोव्याला फिल्म बझारला गेलो. इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) हा बाजार भरवतं. एका खोलीत छोटे पडदे मांडलेले असतात, जगभरातले महोत्सववाले आणि विक्री-प्रतिनिधी हेडफोन लावून आपापल्या आवडीचे चित्रपट पाहतात. कोणी तुमचा चित्रपट किती मिनिटं पाहिला हे नंतर कळतं. आमचा एका युरोपीय प्रतिनिधीने पूर्ण पाहिला. जाताना म्हणाली, पक्का झाला की पाठवा.

या एका वाक्यावर आम्ही तीन महिने काढले.

जानेवारी २०२० अखेर चित्रपट तयार होता. साताऱ्यातल्या एका थिएटरमालकाने फेब्रुवारीतला शुक्रवार देऊ केला. पण मोठ्या महोत्सवांना चित्रपट आधी कुठेही प्रदर्शित झालेला नको असतो, आणि दोन महोत्सवांचं उत्तर एप्रिलमध्ये येणार होतं. त्याने थांबायचं ठरवलं. मार्चच्या मध्यात राज्यातली थिएटरं बंद झाली. एप्रिलमध्ये दोन्ही महोत्सवांची नकाराची पत्रं आली, तीही एकाच आठवड्यात. प्रतिनिधीने मेलला उत्तर देणं थांबवलं.

त्याचे मित्र अजून या निर्णयाला चूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. फेब्रुवारीत हाताशी जी माहिती होती त्यावर तो निर्णय ठीकच होता. चूक ही, की थांबण्याचा खर्च कोणी मांडला नाही. दरमहा ५२,५०० रुपये व्याज चालू होतं. ‘आपण अमुक महिन्यापर्यंतच थांबू’ अशी रेघ कुठे मारलीच नव्हती.

नोव्हेंबर २०२०मध्ये थिएटरं निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद झाली, २२ ऑक्टोबरला पुन्हा उघडली. मधल्या काळात एका मध्यस्थाने चित्रपट थेट ओटीटीवर घ्यायची गोष्ट काढली. सगळे हक्क, कायमचे, रक्कम ‘बघू’. ती बोलणी तीन फोनांत संपली. मार्च २०२२पर्यंत ३५ महिन्यांचं व्याज झालं १८ लाख ३७ हजार ५००. जाहिरातीची कामंही बंद असल्याने तो ते उसनवारीवर भरत होता.

फेब्रुवारी २०२२: टेबलावरचे तीन पर्याय

पहिला पर्याय मुंबईच्या एका प्रस्तुतकर्त्याचा. मराठीत ‘अमुक प्रस्तुत’ असं पोस्टरच्या माथ्यावर लागतं, ते हे. तो ३० लाख देणार, प्रदर्शनाचा खर्च तो करणार. बदल्यात सगळ्या जगाचे सगळे हक्क, कायमस्वरूपी. शिवाय लांबी एक तास ५८ मिनिटांवरून पावणेदोन तासांवर आणायची आणि एक गाणं घालायचं, ‘पाऊस पडतो तेव्हा’. दिग्दर्शकाने चेष्टेत विचारलं, म्हैस नाचेल का? समोरच्याला ते आवडलं नाही.

दुसरा पर्याय राज्यभर स्वतः प्रदर्शित करणं. वितरक कमिशनवर, खर्च आपला. पोस्टर, ट्रेलर, वाहिन्यांवरच्या मुलाखती, मुंबई-पुण्यातले फलक, प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रोजेक्शनची फी, प्रेस शो. अंदाज ३४ लाख.

तिसरा पर्याय आणला कोल्हापूरच्या एका वितरकाने. वय सत्तरच्या पुढे, टुरिंग टॉकीजच्या काळापासून धंद्यात. चित्रपट पाहून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘हे बघा, ह्यो पिक्चर सातारा, सांगली, सोलापूरचा हाय. कोल्हापुरात थोडा, नगरला थोडा. मुंबईला लावून कुणाला दाखवायचा हाय तुम्हाला?’’ त्याचा बेत असा: पाच जिल्ह्यांत बावीस पडदे, बहुतेक एकपडदा थिएटरं. चैत्रातल्या यात्रांसाठी माणसं गावी आलेली असतात, ते दिवस धरायचे. तालुक्याच्या गावांत रिक्षावरून भोंगा फिरवायचा. खर्च साडेनऊ लाख. चाललं तर पुढच्या जिल्ह्यात सरकायचं.

कागदावर तुलना सोपी होती, आणि मी ती एका पानावर मांडली होती. पहिल्यात पैसे हातात, पण चित्रपट हातातून गेला. दुसऱ्यात मोठा जुगार. तिसऱ्यात नुकसान जवळपास नक्की, पण लहान.

‘नुकसान नक्की’ हे शब्द मी त्या पानावर लिहिले होते. आजही वाटतं की सगळं तिथेच बिनसलं. पाच मित्रांना ते पान पाठवलं आणि त्यांच्या डोळ्यांत तेवढेच दोन शब्द राहिले.

निर्णय

निगडीला एका मित्राच्या घरी बैठक झाली. तीन वर्षं कोणी पैशाबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि त्याचंच ओझं दिग्दर्शकावर जास्त होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. एकजण म्हणाला, ‘‘अरे, माझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. विट्याला लागलाय म्हणून सांगू का?’’ दुसऱ्याची बायको म्हणाली, ‘‘आई ठाण्याला असतात. त्यांना निदान जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये बघता यावा.’’ या बोलण्यात कोणाचंच काही चुकत नव्हतं.

प्रस्तुतकर्त्याला त्याने आधीच नाही कळवलं होतं. ते दिग्दर्शकाचं नाही होतं आणि पक्कं होतं. उरलेल्या दोन पर्यायांमध्ये मात्र तो दिग्दर्शक म्हणूनही बोलत नव्हता आणि निर्माता म्हणूनही नाही. देणेकरी म्हणून बोलत होता. तासाभराने म्हणाला, ‘‘ठीक आहे, राज्यभर लावू.’’ मी गप्प राहिलो. माझ्या बाजूच्या चुकांमध्ये ही पहिली मांडतो.

३४ लाखांपैकी २० लाख एका मित्राच्या ओळखीतून आले, १४ लाख त्याने एका साखर कारखान्याच्या फिल्मचं काम आगाऊ घेऊन उभे केले. तारीख ठरली एप्रिल २०२२चा पहिला शुक्रवार, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. तारखेचं कारण चांगलं होतं. त्याच पाडव्याच्या तोंडावर सरकारने करोनाचे उरलेले निर्बंध उठवले. पण आदल्याच शुक्रवारी, २५ मार्चला ‘आरआरआर’ लागला होता आणि १४ एप्रिलला ‘केजीएफ-२’ येणार होता. २६ मार्चपासून आयपीएल, तेही मुंबई-पुण्यात. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत आम्ही तंबू ठोकला.

पडदे मिळाले ९४. पडदे म्हणजे खेळ नव्हेत, हे त्या आठवड्यात पुरतं कळलं. मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या मल्टिप्लेक्सांत बहुतेक ठिकाणी रोज एकच खेळ, सकाळी पावणेदहा किंवा दुपारी दोन. दोनचा खेळ ‘प्राइम टाइम’मध्ये मोडतो, बरं का. २०१५मध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा आधी संध्याकाळचे सहा ते नऊ म्हटलं होतं. गदारोळ झाला आणि व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. तक्रार करायला जागाच नाही. आम्ही प्राइम टाइममध्ये होतो, प्रेक्षक ऑफिसात होते.

विट्याचा शुक्रवार

तो मुंबईच्या प्रेस शोला जायला हवा होता. गेला विट्याला, मलाही घेऊन.

बाराच्या खेळाला छावणीच्या गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. साठेक असतील. ज्यांची म्हैस चित्रपटात होती त्या आजीही होत्या, नऊवारी धुवट, हातात पिशवी, पिशवीत म्हशीच्या दुधाचा खरवस, दिग्दर्शकासाठी. बारा वाजून दहा झाले तरी दार उघडेना.

आता चित्रपटाचं रीळ पेटीतून येत नाही. फाइल आधी थिएटरच्या यंत्रात उतरलेली असते आणि ती उघडायची किल्ली वेगळी पाठवतात. किल्ली ठरावीक यंत्राच्या नंबरापुरती आणि ठरावीक तारखांपुरती असते. या थिएटरने महिन्यापूर्वी यंत्र बदललं होतं, आमच्या यादीत जुनाच नंबर होता. ऑपरेटर पडद्यावरचा लाल संदेश दाखवून म्हणाला, ‘‘साहेब, पिक्चर आत हाय, पण उघडंना.’’ प्रोजेक्शन कंपनीच्या क्रमांकावर आम्ही चौदा फोन केले. नवी किल्ली अडीचला आली. बाराचा खेळ रद्द.

साठ माणसं समोरच्या रसवंतीच्या सावलीत थांबली. दोघं-तिघं परत गेली, बाकीची राहिली. टेम्पोवाला थांबण्याचे पैसे मागायला लागला, ते दिग्दर्शकाने दिले. तीनचा खेळ सुरू झाला. छावणीच्या दुरून घेतलेल्या शॉटवर कोणीतरी ओरडलं, ‘‘आरं, ती माजी गाय!’’ आणि सगळं थिएटर हसलं. त्या दोन शॉटांत जनावर ओळखू येत नाही, असं आमचं ठाम मत होतं.

निकाल

पहिल्या आठवड्याचा एकूण गल्ला २१ लाख २० हजार. तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी होता. तो वजा जाता उरले सुमारे १८ लाख २० हजार. त्यातले निम्मे थिएटरांचे. उरलेल्या ९ लाख १० हजारांतून वितरकाचं दहा टक्के कमिशन. आमच्या हातात आले आठ लाख १९ हजार. खर्च ३४ लाख. दुसऱ्या आठवड्यात ११ पडदे राहिले आणि १४ तारखेला तेही गेले.

पण आकड्यांच्या आत आणखी एक आकडा होता. ९४ पैकी १३ पडदे माणदेशात आणि त्याच्या आजूबाजूला होते. एकूण गल्ल्यातले सात लाख त्या तेरा पडद्यांनी दिले, तेही स्वस्त तिकिटांत. म्हणजे म्हातारा वितरक बरोबर होता का? पूर्ण नाही. मी नंतर गणित केलं: पहिल्या आठवड्याचे ते सात लाख कर, थिएटर आणि कमिशन वजा जाता पावणेतीन लाखांच्या आसपास येतात. त्याच्या साडेनऊ लाखांच्या बेतातही पहिल्या आठवड्यात तोटाच होता. फरक एवढा, की सहा-सात लाखांच्या तोट्यानंतर माणूस दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो. सव्वीस लाखांच्या तोट्यानंतर तो घरी जातो.

मे महिन्यात तोच प्रस्तुतकर्ता पुन्हा आला. सगळे हक्क, कायमचे, आता आठ लाख. गाण्याचा आग्रह नव्हता. तीन मित्र म्हणाले, घेऊन टाक. सावकाराचं व्याज चालूच होतं. दिग्दर्शकाने दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी फ्लॅट विकायला काढला. आईला भाड्याच्या घरात नेलं. सावकार मिटला. याला धाडस म्हणावं की हट्ट, हे मला ठरवता आलेलं नाही. त्याच्या बहिणीने पुढे वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. तिच्या मते तो हट्टच होता, आणि घर तिच्या आईचं होतं.

हक्क हातात राहिले, त्यातून हळूहळू काही गोष्टी झाल्या. फिल्म सोसायट्या, पाणी फाउंडेशनच्या कामातून ओळख झालेली गावं, दोन कृषी महाविद्यालयं, सांगलीतली वाचनालयं, परदेशातली दोन महाराष्ट्र मंडळं असे दीड वर्षात ६१ खेळ झाले. कुठे पाच हजार, कुठे पंधरा. एकूण सहा लाख ७० हजार. थिएटरच्या आठ लाखांत हे मिळवून प्रदर्शनासाठी उसने घेतलेल्या २० लाखांपैकी पंधराच्या आसपास फिटले, बाकीचे त्याने जाहिरातींतून भरले.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, तेव्हा ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० होतं. आमच्या चित्रपटाला ‘ब’ मिळाला. २०२३च्या अखेरीस रक्कम आली आणि शेवटचा मोठा निर्णय समोर उभा राहिला: पहिले कोणाचे? मित्रांचे ४० लाख अडकलेले, तंत्रज्ञांचे १५. मित्रांकडे कागद होता, तंत्रज्ञांकडे नुसती बोली. वकील म्हणाला, कागद आधी. दिग्दर्शकाने बोली आधी धरली. १५ लाख तंत्रज्ञांना एका दिवसात दिले, उरलेले १५ मित्रांना त्यांच्या हिश्श्याने. एका मित्राने तेव्हापासून संबंध तोडले आहेत. उरलेले चौघे येतात-जातात.

२०२४मध्ये एका निर्मात्याने त्याला दुसऱ्या चित्रपटासाठी घेतलं. सोबत पहिल्याचे पाच वर्षांचे वाहिनी आणि ओटीटीचे हक्क १२ लाखांना, फक्त पाच वर्षांचे. ते बाराही मित्रांना गेले. ४० लाखांतले २७ लाख परत, म्हणजे रुपयाला साडेसदुसष्ट पैसे. माझे दोन टक्के नफ्यातले होते, तेव्हा हिशेब सोपा.

वेगळं काय करता आलं असतं

पाच मित्रांचा तो एका पानाचा कागद तीन पानांचा हवा होता. प्रदर्शनाचा निर्णय कोणाचा, जास्तीचं कर्ज काढायचं तर कोणाची संमती, पैसे परत करण्याचा क्रम काय. हे आधी लिहिलं असतं तर निगडीची बैठक झाली नसती. झाली असती तरी तिच्यात चहा आणि भजी एवढंच झालं असतं. मैत्रीत कागद नको, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि नेमक्या मैत्रीनेच तो निर्णय घेतला. ९४ पडदे प्रेक्षकांसाठी घेतले नव्हते. ठाण्याच्या आईंसाठी आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी घेतले होते. मुंबई-पुण्यात एकेक खास खेळ भाड्याने घेऊन सगळ्या नातेवाइकांना बोलावलं असतं, तर लाखाच्या आत काम झालं असतं. हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही, कारण लाज वाटते हे उघड कोणी बोललंच नाही.

थिएटरांच्या यंत्रांचे नंबर आठवडाभर आधी फोन करून तपासायला एका मुलाचे दोन दिवस लागले असते. तो मुलगा आम्ही मुंबईतल्या फलकांचे फोटो काढायला पाठवला होता.

माझ्या त्या पानावर ‘नुकसान नक्की’ऐवजी तिन्ही पर्यायांतलं जास्तीत जास्त नुकसान समोरासमोर लिहायला हवं होतं. तो आकडा दुसऱ्या पर्यायापुढे ३४ लाख दिसला असता आणि तिसऱ्यापुढे साडेनऊ.

प्रस्तुतकर्त्याचे ३० लाख नाकारले, हे चूक होतं का, असं मला अजून लोक विचारतात. अनुदान आणि पाच वर्षांचे हक्क मिळूनच ४२ लाख झाले, असं उत्तर देता येतं. पण मधली दोन वर्षं, घर आणि बहीण त्यात धरलेली नाहीत. शिवाय अनुदानाचा दर्जा लागेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. निकाल बरा लागला म्हणून निर्णय बरा होता असं मानायला मी तयार नाही. सगळे हक्क कायमचे देऊ नयेत, हे मात्र मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दहा वर्षांचे द्या, पण कायमचे नको.

दुसऱ्या चित्रपटात तो फक्त दिग्दर्शक आहे. कॅमेरामन, संकलक, ध्वनिवाला तेच तिघं. गोष्टीत शेळ्या आहेत, बल्लभगडचं पत्र चित्रीकरणाच्या सात आठवडे आधी आलं. करारावर सही करताना त्याने एकच कलम घालून मागितलं: पहिल्या आठवड्याच्या थिएटरांची यादी दिग्दर्शकाला आधी दाखवावी आणि त्यात माणदेश आणि आसपासचे तेरा पडदे असावेत. निर्मात्याच्या वकिलाने ते दोनदा खोडलं. तिसऱ्या मसुद्यात ते राहिलं, फक्त तेराचे अकरा झाले.